छोट्या टाउनचे रेसचे टक्के कसे वाचायचे

ताई, प्रश्न वाचला. नवऱ्याला अमेरिकेच्या मिडवेस्टात चौदाशे वस्तीच्या टाउनमध्ये जॉब लागलाय, तुम्ही सेन्ससचं, म्हणजे जनगणनेचं, पान उघडलंत, रेसच्या (म्हणजे वंशाच्या) तक्त्यात व्हाइटपासून टू ऑर मोअर रेसेसपर्यंत बेरीज बरोब्बर शंभर आली आणि खाली परत हिस्पॅनिक ११ टक्के, मग हे १११ कसे झाले, आणि एशियन ०.४ म्हणजे आपलं कुणीच नाही का. लेकीच्या शाळेची काळजी आहे ते कळतंय. एका ओळीत उत्तर द्यायचं तर ते टक्के म्हणजे लोकांनी (कधी कधी त्यांच्या शेजाऱ्यांनी) कुठल्या चौकटीत खूण केली त्याचा हिशोब आहे, गावात कोण राहतं त्याचा फोटो नाही. आता जरा सविस्तर सांगतो.

१११ चं कोडं सोपं आहे. तुम्ही बघताय त्या तक्त्याच्या नियमांत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषेच्या देशांतलं मूळ असलेले) ही रेस नाही, एथ्निसिटी, म्हणजे मूळ-संस्कृतीची ओळख, आहे. १९९७ च्या नियमाप्रमाणे रेस पाच, व्हाइट, ब्लॅक, अमेरिकन इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी), एशियन आणि पॅसिफिक आयलंडर, सेन्सस त्यात सम अदर रेस ही सहावी घालतं, आणि हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वेगळा विचारतात. वर्गात मुलं किती मुली किती मोजून झालं की चष्मेवाले किती ते परत मोजतो तसंच हे, चष्मेवाले आधीच्या बेरजेत येऊन गेलेलेच असतात. म्हणजे तुमच्या टाउनमधले ते ११ टक्के लोक वरच्या व्हाइट, अदर, टू ऑर मोअर यांच्यातच विखुरलेले आहेत. २००० पासून एका माणसाला एकाहून जास्त रेसवर खूण करता येते, म्हणून ती टू ऑर मोअरची ओळ.

आता ही माहिती भरली कशी जाते ते बघा. मी २०१० ला टेंपररी एन्युमरेटर होतो, म्हणजे फॉर्म न पाठवणाऱ्यांच्या दारात जाऊन विचारायचं काम. गुप्ततेची शपथ जन्मभराची असते त्यामुळे गावबिव विचारू नका. एका दारात एक जण कामाचे बूट काढता काढता उत्तरं देत होता. हिस्पॅनिक का? हो, मेक्सिकन. रेस? मेक्सिकन. मी म्हटलं तसा ऑप्शन नाहीये, यादी वाचून दाखवतो, वाचली, त्याने शांतपणे ऐकली आणि परत म्हणाला मेक्सिकन. झालं, सम अदर रेस. त्याच घरात आतून त्याचा मेव्हणा ओरडला माझं व्हाइट लिही. एकाच टेबलावर जेवणारी दोन माणसं टक्केवारीत दोन रेसची.

आणि कुणी घरात सापडलंच नाही तर दोन-चार खेपांनंतर शेजाऱ्याला विचारायचं, त्याला प्रॉक्सी म्हणतात. एक आजोबा म्हणाले ते इंडियन असावेत. मी विचारलं कुठले इंडियन? आता समोर मी उभा, माझ्याकडे बघून जरा विचारात पडले, मग कपाळावर बोट टेकवलं. म्हणजे टिकलीवाले. लिहिलं एशियन इंडियन. शेजाऱ्यालाही माहीत नसलं तर पुढे कॉम्प्युटर आसपासच्या घरांवरून रिकामी जागा भरतो. हे सगळं धरून दशांश चिन्हानंतरचा आकडा छापतात, म्हणून म्हणतो की ०.४ कडे फार टक लावून बघू नका.

दुसरी गफलत म्हणजे २०१० आणि २०२० ची तुलना. देशभरात टू ऑर मोअर रेसेसवाले २.९ टक्क्यांवरून एकदम १०.२ टक्के झाले आणि फक्त व्हाइट सांगणारे ७२.४ वरून ६१.६ वर आले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं कुठून होणार हो! मुख्य कारण म्हणजे फॉर्म आणि कोडिंग, म्हणजे उत्तरं रकान्यांत बसवायची पद्धत, बदललं. २०२० ला व्हाइटच्या खाली तुमचं मूळ लिहा म्हणून जागा दिली, तिथं कुणी मेक्सिकन लिहिलं की तो व्हाइट अधिक सम अदर, म्हणजे दोन रेसवाला. माणूस तोच, घर तेच, फक्त रकाना बदलला. तेव्हा तुमच्या टाउनमध्ये व्हाइट घटलेले दिसले तर लगेच 'गाव बदलतंय' म्हणून घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

रकाने बदलण्यात आपल्या लोकांचा इतिहास तर भारीच आहे. १९२३ ला पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं हा माणूस व्हाइट नाही, त्यामुळे नागरिकत्व नाही. १९२०, ३० आणि ४० च्या सेन्ससमध्ये आपली रेस चक्क 'हिंदू'. त्या काळात कॅलिफोर्नियात शेती करणारे बहुतेक शीख, तरी हिंदूच. त्यांना देशातून बायका आणता येत नव्हत्या, गोऱ्या बायकांशी लग्नाला कायदा आडवा, मग इम्पीरियल व्हॅलीत कितीतरी जणांनी मेक्सिकन बायका केल्या, त्यांच्या पोरांना कुठल्या रकान्यात टाकायचं हे त्या काळच्या एन्युमरेटरने नुसतं बघून ठरवायचं. मग १९७० ला आपण सरकारदरबारी व्हाइट झालो, कोर्टाने नाही म्हटल्यावर ४७ वर्षांनी, आणि १९८० ला एशियन इंडियन हा स्वतःचा रकाना मिळाला. २०२० ला नुसतं एशियन इंडियन सांगणारे ४४ लाखांच्या आसपास होते. माझ्या ओळखीत एक काका आहेत, ७० च्या आधी आलेले, ते अजून म्हणतात मी काही वर्षं गोरा होतो.

आता छोट्या आकड्यांचं. चौदाशेचे ०.४ टक्के म्हणजे पाच-सहा माणसं. एक कुटुंब आलं की ०.४, ट्रान्सफर झालं की शून्य. त्यात २०२० पासून कुणाची वैयक्तिक माहिती ओळखू येऊ नये म्हणून सेन्सस ब्युरो आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळतं, राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी तंतोतंत ठेवतात. नेब्रास्कात मोनोवी नावाचं गाव आहे, वस्ती एक, एकच आजी, तीच मेयर, तीच बार चालवते. २०२० च्या सेन्ससमध्ये वस्ती आली दोन! आजींना विचारलं तर दुसरं कोण ते त्यांनाही माहीत नाही. तुमचे पाच एशियन खरे तीन असतील किंवा आठ असतील. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा (सेन्सस ब्युरोचीच वेगळी पाहणी) आकडा बघितला असेल तर तो सॅम्पलवरचा, छोट्या गावासाठी पाच वर्षांचा एकत्र केलेला, आणि शेजारी मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा, कॉलम असतो, तिथं बऱ्याचदा ५ आणि पुढे अधिक-उणे ९ असलं काहीतरी दिसतं. हसून सोडून द्यायचं.

याउलट एखाद्या टाउनमध्ये ब्लॅक १५ टक्के दिसले आणि रस्त्यावर मात्र कुणी दिसत नाही, तर आधी जेल आहे का बघा. कैद्यांना सेन्सस जेलच्याच पत्त्यावर मोजतं. आयोवातल्या अनामोसात एका वॉर्डात सुमारे १४०० पैकी १३०० हून जास्त कैदी होते, त्यांना मत नाही, आणि त्या वॉर्डातून एक जण फक्त दोन मतांवर कौन्सिलवर निवडून आला, एक बायकोचं, एक शेजाऱ्याचं. कॉलेज हॉस्टेलचंही असंच, सेन्सस १ एप्रिलच्या तारखेचा असतो, त्या हिशोबात तिथली पोरं गावकरी असतात.

शिवाय बरंच काही दिसतच नाही. धर्म सेन्सस विचारत नाही. आयोवातल्याच पोस्टव्हिलमध्ये मांसाच्या कारखान्यामुळे हसीदिक (कर्मठ पंथाचे) ज्यू आले, ग्वाटेमालाचे लोक आले, पण तक्त्यात ज्यू शोधाल तर ते व्हाइटमध्ये मिसळलेले. मेन राज्यातल्या लुइस्टनचे सोमाली नुसते ब्लॅक. इजिप्त-लेबननचे आजवर व्हाइट, २०२४ ला नियम बदलून त्यांना वेगळा रकाना दिलाय आणि रेस-एथ्निसिटीचा प्रश्नही एकच केलाय, तो अमलात आला की तुमचा १११ चा घोळ राहायला नको. एशियनमध्येही फिलिपिनो नर्स, नेपाळी, मिनेसोटाकडे दत्तक आलेली कोरियन मुलं, सगळे एकाच डब्यात.

मग करायचं काय. सेन्ससच्या साइटवर टाउनचं नाव टाकून २०२० चा पी-२ तक्ता काढा, त्यात हिस्पॅनिक बाजूला काढून मग रेस दिलीय, त्याची बेरीज शंभरच होते. सर्व्हेच्या आकड्यांत तसंच हवं असेल तर बी-०३००२. टक्के बघू नका, डोकी बघा. आणि काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तक्ता जरूर काढा कारण तुम्ही दूध-भाजी आणायला आणि डॉक्टरकडे शेजारच्या मोठ्या टाउनलाच जाणार. लेकीसाठी तर सेन्सस सोडाच, पब्लिक शाळांचे रेसप्रमाणे पटाचे आकडे एनसीईएस ही सरकारची शिक्षणाच्या आकडेवारीची संस्था दर वर्षी देते, ते ताजे असतात, त्यात तिच्या शाळेत काय चित्र आहे ते कळेल. छोट्या गावांत म्हातारे बहुतेक गोरे आणि पोरंटोरं मिश्र असं खूपदा असतं, गावाच्या टक्क्यांत ते लपतं. शाळेच्या ऑफिसला फोन करून घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायला वेगळ्या टीचर आहेत का एवढं विचारलंत तरी पुष्कळ अंदाज येतो.

आणि घर बघायला जाल तेव्हा हायवेच्या एक्झिटवरच्या मोटेलात एक रात्र राहा. आमचं पहिलं टाउन तुमच्याहून लहान होतं, एशियन चार, आम्ही दोघं गाडीत तेच बोलत होतो की हे चार कोण असतील. मोटेलचं दार ढकललं, अगरबत्तीचा वास आला, आणि काउंटरमागून खोलीचा भाव सांगायच्या आधी 'केम छो' आलं. चौघंही तिथंच राहत होते, मागच्या दोन खोल्यांत.