सुभद्रेचं पद आणि तुझा प्रश्न

मनू,

शाळेच्या व्हिक्टोरियन प्रोजेक्टसाठी तू एलन टेरी ही इंग्रज नटी घेतलीस. त्या काळातलं आपल्याकडचं कुणीतरी सांग म्हणालीस, म्हणून मी गायक-नट भाऊराव कोल्हटकरांचं नाव घेतलं. ते 'सौभद्र' या संगीत नाटकात सुभद्रा व्हायचे, हे ऐकल्यावर तू विचारलंस, "बायकांना स्टेजवर येऊच देत नव्हते, तर तुला ती गाणी इतकी आवडतात कशी?" मी काही न बोलता ताटं उचलली. प्रश्न लागला मला. पण दोन वाक्यांत उत्तर देऊन तुला गप्प करायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुझी पणजी, म्हणजे आमची मोठी आई, दुपारी तांदूळ निवडत बसायची तेव्हा 'वद जाऊं कुणाला शरण' म्हणायची. आवाज बारीक, मधेच खडा सापडला की पद थांबायचं, खडा बाजूला गेला की पुढे सुरू. मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे तिचंच गाणं आहे, तिनेच रचलेलं. ते एका नाटकातलं आहे हे मला नानांनी सांगितलं, आणि मी चक्क हिरमुसले होते.

नानांना सांगलीचा अभिमान फार. दर पाच नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरावरून मला घेऊन जायचे आणि तेच तेच सांगायचे. विष्णुदास भावे आपल्या सांगलीचे, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी होते. कर्नाटकातल्या मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला, तसं मराठीत करून दाखव म्हणाले, आणि 1843 साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. सूत्रधार सगळी पदं गाणार, पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचून बोलणार, राक्षस आरडाओरडा करत येणार. नाना राक्षसाची आरोळी रस्त्यातच करून दाखवायचे. मी लाजून दुसरीकडे बघायचे, पण पुढच्या वर्षी परत त्यांच्याबरोबर जायचेच.

अण्णासाहेब किर्लोस्कर त्यानंतरचे. मूळचे बेळगावकडचे, गुर्लहोसूरचे. पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी करायचे. 1880 मध्ये त्यांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं. त्यात सूत्रधारानेच सगळं गायचं हे गेलं आणि ज्याचं पद तोच गाऊ लागला. दोन वर्षांनी 'सौभद्र'. त्या सुमारास बडोद्याहून आलेला भाऊराव नावाचा विशीतला मुलगा सुभद्रा झाला, आणि लोक त्याच्या आवाजासाठी वेडे झाले. त्याला सगळे भावड्या म्हणत. अण्णासाहेब बेचाळिसाव्या वर्षी गेले, भाऊराव तर चाळिशीपर्यंतही पोचले नाहीत. एवढ्या थोड्या वर्षांत त्यांनी जे केलं ते शंभर वर्षांनंतर माझ्या आजीच्या सुपापर्यंत पोचलं होतं. याचं मला आजही नवल वाटतं आणि ते तुझ्यापासून लपवायचं कारण नाही.

आता 'सौभद्र'ची गोष्ट बघ. सुभद्रेचं लग्न मोठा भाऊ दुर्योधनाशी ठरवतो. तिला अर्जुन हवा आहे. तिला कुणी विचारलेलं नाही. आता मी कुणाकडे जाऊ, असं ती त्या पदात म्हणते. हे लिहिलं पुरुषाने, गायलं पुरुषाने, लुगडं नेसून. तू म्हणतेस ते खरंच आहे. पण मोठी आई ते म्हणायची तेव्हा ते कुणा पुरुषाचं राहिलेलं नसायचं. तिचं लग्न तिला न विचारताच झालं होतं. ती याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. पद मात्र म्हणायची. मला ते गाणं आवडतं ते तिच्या आवाजातलं. भाऊरावांचा आवाज तर आपल्यापैकी कुणी ऐकलेलाच नाही.

हे झालं माझ्या बाजूचं. तुझ्या बाजूचंही मला दिसतं. शेक्सपिअरच्या वेळी तुझ्या लंडनमध्येही पोरगेच ज्युलिएट व्हायचे, असं मी तुला सांगू शकले असते. पण 1660 नंतर तिथे बायका रंगमंचावर आल्या आणि 1888 मध्ये एलन टेरी लेडी मॅक्बेथ करत होती. आणि आपल्याकडे? 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारत होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला बोटीने अमेरिकेला निघाल्या. म्हणजे बायकांमध्ये धमक नव्हती असं कुणी म्हणू नये. एक मुलगी समुद्र ओलांडून जात होती आणि पुण्यातल्या नाटकात मुलीचं काम मुलगी करू शकत नव्हती. चांगल्या घरची बाई चारचौघांत गाणार नाही, हे ठरवून टाकलेलं होतं. मला याचा राग येतो. गाणी ऐकतानाही येतो.

आणि एक गोष्ट नानांनी मला कधीच सांगितली नाही. सांगली जिल्ह्यातच, वाळवा तालुक्यात, रेठरे हरणाक्ष नावाचं गाव आहे. तिथला श्रीधर कुलकर्णी, 1866 चा जन्म, ब्राह्मणाघरचा मुलगा, घरदार सोडून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या लावण्या अख्ख्या महाराष्ट्राने ऐकल्या. त्याच्याबरोबर फडात होती पवळा, संगमनेरकडच्या हिवरगावची, महार घरातली. त्याआधी तमाशातही बाईचं सोंग नाच्या पोऱ्या घ्यायचा. बाई म्हणून फडावर उभी राहून नाव कमावणारी पहिली म्हणून पवळेचंच नाव घेतात. लोक तिला 'नामचंद पवळा' म्हणायचे.

मला हे नाव कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घरी रेडिओवर लावणी लागली की नाना आवाज कमी करायचे. ओरडायचे नाहीत, उठून बटण फिरवायचे, बस. भावे नाट्यमंदिरासमोर उभं राहून मान ताठ करणारे माझे नाना. ते वाईट नव्हते, तुलाही त्यांनी खांद्यावर बसवून आमराईत फिरवलंय. पण "बायका कुठे होत्या?" याचं निम्मं उत्तर त्यांच्या गावाजवळच होतं आणि आमच्या घरात ते ऐकू येऊ दिलं जात नव्हतं. कुणाच्या गाण्याला कला म्हणायचं आणि कुणाच्या गाण्याला नाही, हे जातीवरून ठरत होतं. हे तुला स्पष्ट सांगितलेलं बरं.

सांगलीजवळचं हरिपूर तुला आठवतं का? संगमावर गेलो होतो, तू चिंचा गोळा केल्या होत्यास. नाटककार गोविंद बल्लाळ देवल तिथले, अण्णासाहेबांचे शिष्य. 1899 मध्ये त्यांनी 'शारदा' आणलं. पंच्याहत्तरीचा म्हातारा आणि त्याला पैशासाठी दिली जाणारी मुलगी, अशी गोष्ट. 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशें वयमान' हे पद म्हणताना आम्ही पोरं खिदळायचो. मोठी आई मात्र ते कधी म्हणायची नाही. त्या नाटकात भाऊराव मुलीचं काम करत नव्हते, तिच्या बाजूने उभा राहणारा कोदंड झाले होते. हे मला फार आवडतं. का ते नीट सांगता येत नाही.

तुझं प्रोजेक्ट एलन टेरीवरच राहू दे. ती मोठीच होती, आणि तू इतकं वाचलंयस तर बदलू नकोस. मी हे सगळं तू गावंस किंवा शिकावंस म्हणून लिहिलेलं नाही. शनिवारी गाडीत 'सौभद्र' नको असेल तर तसं सांग, मी खरंच बंद करीन. फक्त शेवटच्या पानावर त्या काळातल्या इतर कलावंतांसाठी चौकट आहे म्हणालीस, तिथे जागा उरली तर भाऊरावांच्या शेजारी पवळेचंही नाव लिही. स्पेलिंगला मी मदत करते.

आणि डिसेंबरात सांगलीला गेलो की बेबीमावशीला विचार. मोठी आई आणखी काय काय म्हणायची हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

तुझी,
आई