‘पापा हॅज स्लेप्ट’ आणि इतर घोटाळे

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मराठी माध्यमातली. ऐरोलीला एका बॅक ऑफिसात काम करते, राहायला कळव्याला. परवा आमची टीम बदलली. ओळख करून देताना मी म्हटलं, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन कळवा, आय अ‍ॅम हॅविंग वन सन.’ नवा टीम लीडर म्हणाला, ‘मग मुलगा परत कधी देणार?’ सगळे हसले, मीही हसले, पण चूक काय ते कळलंच नाही. शाळेत शिकवलं होतं : रोजचं असेल तर साधा काळ, आत्ता चालू असेल तर चालू काळ. मी आत्ता कळव्यातच राहतेय ना? आणि मुलगाही आत्ता आहेच!
– एक वाचक, कळवा

उत्तर : युक्तिवाद चोख आहे आणि तो टीम लीडर आगाऊ आहे. चूक मात्र झालीय. ती त्या ‘आत्ता’ने घडवली, आणि 31 वर्षं तोच ‘आत्ता’ फळ्यावर लिहिणाऱ्यांत मीही होते.

‘आत्ता’ सोडा. विचारा, हे थांबणार आहे का? आयएनजी लावलं की ऐकणाऱ्याला वाटतं, गोष्ट सुरू आहे आणि कधीतरी आटोपेल. आमच्या नौपाड्यातल्या शेजाऱ्यांची इमारत पाडली, नवी होईपर्यंत ते कासारवडवलीला भाड्याने गेलेत. त्यांनी ‘वी आर लिव्हिंग इन कासारवडवली’ म्हटलं तर शंभर टक्के बरोबर. तुमचं बिऱ्हाड कायमचं कळव्याला, तर ‘आय लिव्ह इन कळवा’.

मुलाचं त्याहून गमतीचं. हॅव म्हणजे जवळ असणं, मग ते मूल असो, गाडी असो की बीपी. तिथे आयएनजी लागत नाही. चहा घेत असाल तर ‘आय अ‍ॅम हॅविंग टी’ चालतं, कारण ते घेणं झालं. आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग अ बेबी’ म्हणजे मला दिवस गेलेत! टीम लीडरला हे ठाऊक असतं तर त्याने अभिनंदन केलं असतं. नो, वाँट, अंडरस्टँड, बिलाँग ही क्रियापदंही त्याच पंगतीतली. मराठीत ‘मला कळतंय’ म्हणतो, म्हणून ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ तोंडात येतं. म्हणायचं ‘आय अंडरस्टँड’. असं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हिंदी, तमिळ घरांतली माणसंही सर्रास बोलतात.

खरी गोम आपल्या मराठीत आहे. आई फोनवर विचारते, ‘काय करतेस?’ उत्तर येतं, ‘भाजी निवडते.’ स्थळाची चौकशी करतानाही विचारतात, ‘मुलगा काय करतो?’ करते, करतो, रूप तेच. इंग्रजीत पहिलं ‘व्हॉट आर यू डूइंग’ आणि दुसरं ‘व्हॉट डज ही डू’. माझ्या एका विद्यार्थ्याला मुलाखतीत ‘व्हॉट डू यू डू’ विचारलं, तर तो म्हणाला, ‘सर, आय अ‍ॅम सिटिंग.’ बिचारा खरं बोलला.

याच्या उलट घोटाळा कुणी शिकवतच नाही. फोन आला की मुलं सांगतात, ‘पापा हॅज स्लेप्ट.’ मराठीत आपण ‘बाबा झोपलेत’ म्हणतो ना! झोपलेत, बसलेत, टेकलेत : आपल्याला कृती संपलेली दिसते, इंग्रजीला ती अजून चाललेली दिसते. आठवीच्या वर्गाला मी खिडकीशी उभं करायची. खाली कट्ट्यावर आजोबा बसलेले, रिक्षावाला हँडलवर डोकं टेकून, एका बाईने डोक्याला रुमाल बांधलेला. मराठीत सगळ्यांना ‘ला-ले-लं’, इंग्रजीत सगळ्यांना आयएनजी : सिटिंग, लीनिंग, आणि रुमाल बांधलाय त्याचं वेअरिंग. ‘शी हॅज वोर्न अ स्कार्फ’ लिहिणाऱ्याला मी पुन्हा खिडकीत पाठवायची. तुम्ही ठाण्याला गाडी बदलताना दहा नंबरवर थांबता ना, तिथे चार माणसं मनातल्या मनात अशी सांगून बघा. आठवडाभरात जीभ वळेल.

उद्याचं थोडक्यात. ‘उद्या येते’ याचं ‘आय कम टुमॉरो’ होत नाही, ठरलेलं असेल तर ‘आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो’. वेळापत्रकाला मात्र साधा काळ : ‘द ट्रेन लीव्हज अ‍ॅट एट फिफ्टीन.’ मग ती प्रत्यक्षात कधीही सुटो.

प्रश्न : आत्ता चाललेल्याला आयएनजी, तर क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘ही बोल्स, ही ड्राइव्ह्ज’ का म्हणतात? टीव्हीवर तर आत्ताच चाललेलं असतं.
– नववीतला विद्यार्थी, वाशी

उत्तर : शाब्बास. चेंडू पडला, बॅट फिरली, आणि वाक्य पुरं होईतो सगळं संपलंही. आयएनजीला जागाच कुठे उरते? चेंडू सीमारेषेकडे निघाला आणि मागे कुणी धावत सुटला, की ऐक, तोच माणूस ‘ही इज चेसिंग इट’ म्हणेल. पुढच्या सामन्यात कागद घेऊन बस आणि एका षटकातली अशी वाक्यं मला लिहून पाठव.