धमकी देणारा परदेशात असला, तरी गुन्हा नागपुरातच नोंदवला जातो

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मोबाइलवरील एका खेळात तिची एका मुलाशी ओळख झाली. तो स्वतःला पंधरा वर्षांचा म्हणवत होता. दोन महिने गोड बोलून त्याने तिच्याकडून काही खासगी छायाचित्रे मागवून घेतली. आता ती वर्गातल्या मुलींना पाठवीन, अशी धमकी देऊन तो पैसे आणि आणखी छायाचित्रे मागतो आहे. त्याचा नंबर परदेशी आहे. मी घाबरून यूपीआयने दोन वेळा मिळून सात हजार रुपये पाठवले. पोलीस ठाण्यात गेलो, तर 'आरोपी देशाबाहेरचा आहे, आमच्या हातात काही नाही, सायबरला जा' असे सांगून साधा अर्ज ठेवून घेतला. मेहुणे म्हणतात, फोन फॉरमॅट करा आणि विषय संपवा. मुख्याध्यापिकाही गप्प राहा म्हणतात. ती छायाचित्रे पुरावा म्हणून मेहुण्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवली आहेत. आपल्यालाही पाठवू का?
— एक वडील, नागपूर

उत्तर : सर्वप्रथम, ती छायाचित्रे मला पाठवू नका, आणि यापुढे कोणालाही पाठवू नका. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु अशी सामग्री पुढे पाठवणे हा पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १५ प्रमाणे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब प्रमाणे गुन्हा आहे. पोक्सोतील अपवाद रीतसर तक्रार करण्यापुरता आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरण्यापुरता आहे, व त्यात मेहुणे बसत नाहीत आणि तुमच्या व्हॉट्सॲपवरचा वकीलही बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी सामग्री नुसती जवळ बाळगणेही किती गंभीर आहे हे तपशिलाने सांगितले, आणि 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दप्रयोग न्यायालयांनी वापरू नये, कारण ती बालकाच्या शोषणाची व अत्याचाराची सामग्री असते, असेही बजावले. मेहुण्यांना काय पाठवले, कोणत्या तारखेला आणि कशासाठी, हे तक्रारीत स्वतःहून लिहा आणि त्यांच्या फोनमधील प्रतीचे काय करायचे हे तपास अधिकाऱ्यांना विचारून करा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की तिचा अर्थ बदलतो. आधी सांगितली तर ती एका घाबरलेल्या बापाची चूक एवढीच राहते.

(तुमच्या पत्रातील इयत्ता, राहण्याचा भाग आणि खेळाचे नाव मी बदलले किंवा गाळले आहे. पोक्सोचे कलम २३ पीडित बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करू देत नाही, आणि नागपूर मोठे शहर असले तरी एका शाळेपुरते ते फार लहान असते.)

आता ठाण्यातल्या उत्तराकडे वळू. आरोपी कुठे बसला आहे यावर गुन्हा नोंदवणे अवलंबून नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १(५) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७५ हे दोन्ही, भारतातील संगणकाला लक्ष्य करून देशाबाहेरून केलेल्या गुन्ह्याला लागू होतात, आणि भारतात असलेल्या संगणकात मोबाइल फोनही येतो. धमकीचा परिणाम जिथे झाला तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९९ मध्ये आहे. तुमच्या मुलीने ते संदेश नागपुरातल्या घरात वाचले, एवढे त्यासाठी पुरेसे आहे. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा असतो, हे आता त्याच संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि आपल्याकडचे ठाणेदार त्याच दर्जाचे असतात. म्हणून 'सायबरला जा' हा फार तर सल्ला होऊ शकतो, नकाराचे कारण होऊ शकत नाही. बालकाच्या छायाचित्रावरून त्याला धमकावणे, अशा कामासाठी त्याला फूस लावणे, त्याचा तसा वापर करणे आणि खंडणी मागणे हे सारे मिळून दखलपात्र गुन्हा होतो, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात ठरवून दिले आहे.

तुमच्याकडे आज जे आहे ते अर्जावरचे पोचशिक्के आहेत. 'अर्ज चौकशीवर ठेवला' आणि 'गुन्हा नोंदवला' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि तुमच्या प्रकरणात सगळे त्यावरच अडले आहे. गुन्हा क्रमांक नसेल तर नागपूरचा अधिकारी परदेशी कंपनीला पत्र लिहू शकत नाही, सीबीआयकडे विनंती पाठवू शकत नाही आणि न्यायालयाकडून परदेशासाठी विनंतीपत्रही मागू शकत नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्य हे कितीही मोठे नाव असले, तरी त्याच्या प्रत्येक कागदावर पहिला रकाना ठाणे आणि गुन्हा क्रमांक यांचाच असतो. म्हणून लेखी तक्रार घेऊन पुन्हा जा, एफआयआरची प्रत मागा (ती मोफत मिळते), आणि पुन्हा नकार मिळाला तर तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना रजिस्टर टपालाने पाठवा. त्यानेही काही झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायालयात अर्ज करता येतो; परंतु ती वेळ येण्याआधीच, ठाण्यात जाल त्याच दिवशी, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या विभागात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठाण्यातल्या तक्रारीत लिहिला, तर बहुतेक वेळा काम तिथेच होते.

घाई करा असे मी म्हणतो त्यामागे तांत्रिक कारण आहे. खाते कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) वापरले गेले याची नोंद कंपन्या कायम ठेवत नाहीत. पोलिसांनी विनंती केली तर मोठ्या कंपन्या त्या खात्याची माहिती साधारण ९० दिवस गोठवून ठेवतात आणि तेवढ्या वेळात पुढचा कायदेशीर कागद यावा अशी अपेक्षा असते. खातेदाराचे नाव, ईमेल, नंबर आणि लॉगिनची वेळ अशी प्राथमिक माहिती बऱ्याच कंपन्या भारतीय पोलिसांना थेट देतात. बालकाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर त्याहून लवकर देतात. संभाषणाचा मजकूर मात्र अमेरिकी कंपनीकडून हवा असेल, तर दोन देशांतील परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारातून जावे लागते. भारत-अमेरिका करार २००५ पासून अमलात आहे. हा मार्ग केंद्रीय गृह मंत्रालयातून जातो आणि त्याला महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दर आठवड्याला ठाण्यात जाऊन निराश होण्याची वेळ येणार नाही.

आरोपी खरोखर परदेशात निघाला, तर नागपूर पोलीस 'भारतपोल' या ७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या पोर्टलवरून सीबीआयकडे आणि सीबीआय इंटरपोलमार्फत त्या देशाच्या पोलिसांकडे विनंती पाठवते. इंटरपोल स्वतः कोणाला अटक करत नाही. मालिकांनी हा गैरसमज पक्का करून ठेवला आहे. इंटरपोल म्हणजे एका पोलिसाकडून दुसऱ्या पोलिसाकडे निरोप पोचवणारी यंत्रणा, आणि तिच्यातून आलेली माहिती तपासाला दिशा देते. न्यायालयात टिकणारा पुरावा हवा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खालील विनंतीपत्राचाच रस्ता धरावा लागतो. बालशोषणाच्या छायाचित्रांवरून पीडित मुले ओळखण्यासाठी इंटरपोलचा स्वतंत्र माहितीसंच आहे आणि भारत २०२२ मध्ये त्यात सामील झाला. उलट दिशेनेही माहिती येते. अमेरिकेतील कंपन्यांना अशी सामग्री आढळल्यास तेथील बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २६ एप्रिल २०१९ च्या कराराने त्यातील भारताशी संबंधित सूचना आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला मिळू लागल्या व तिथून राज्यांच्या पोलिसांकडे येऊ लागल्या. त्यामुळे तुम्हाला धमकावणाऱ्याच्या खात्याविषयीची सूचना आधीच आलेली असण्याची शक्यता असते. परंतु ती तुमच्या मुलीशी जोडणारा दुवा तुमची तक्रारच असेल.

तरीही 'परदेशी' या शब्दावर माझा एवढा विश्वास नाही. परदेशी नंबर ॲपवरून घरबसल्या मिळतो. तुम्ही पैसे यूपीआयने पाठवले, म्हणजे ते भारतातल्या एखाद्या बँक खात्यात गेले, आणि त्या खात्याला केवायसी, म्हणजे बँकेने घेतलेली ओळखीची कागदपत्रे, आहेत. ते खाते भाड्याने घेतलेलेही असेल, पण त्याच्या मागे हाडामांसाचा माणूस निघतो. म्हणून आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला वेगळा क्रमांक) द्या. सात हजार परत मिळतील की नाही हा भाग दुय्यम आहे. पहिला धागा तिथे आहे. आणि यापुढे एक रुपयाही पाठवू नका, कारण पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढते.

फोन फॉरमॅट करू नका. हा सल्ला देणारे मेहुणे प्रत्येक घरात असतात आणि प्रत्येक वेळी तो आरोपीच्याच उपयोगी पडतो. फोन हाच मूळ पुरावा आहे. समोरच्याला स्वतःचे संदेश दोन्ही बाजूंनी पुसता येतात, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनने संभाषणाच्या पडद्याचे फोटो काढा. छायाचित्रे असलेल्या ओळी त्यातून वगळा. फोटोत समोरच्याचे केवळ नाव नको, कारण ते तो रात्रीतून बदलेल. खात्याचे वापरकर्तानाव आणि प्रोफाइलची लिंक दिसली पाहिजे. वेळेची नोंद विशेष काळजीने करा. तुमच्या पडद्यावर रात्री ११ वाजून १० मिनिटे दिसत असतील, तर कंपनीच्या उत्तरात तीच वेळ संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांची असेल, कारण त्यांच्या नोंदी जागतिक वेळेत असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना देतात, त्यामुळे मिनिट आणि पोर्ट क्रमांक (त्या ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ओळखणारा क्रमांक) चुकला की पोलीस भलत्याच घरी पोचतात. फोन जमा करताना पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहिला गेल्याची खात्री करा.

फोन जमा करण्याआधी एक काम मुलीसोबत बसून करता येईल. वर उल्लेखलेल्या अमेरिकी केंद्राची 'टेक इट डाऊन' ही सेवा अठरा वर्षांखालील मुलांसाठी मोफत आहे. तिच्यात छायाचित्र कुठेही अपलोड होत नाही; फोनमध्येच त्याचा अंकांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते छायाचित्र आपल्या मंचावर शोधून अडवतात. ही सेवा सर्वत्र चालत नाही आणि खासगी कूटबद्ध संदेशांत तर नाहीच, पण वर्गमैत्रिणींपर्यंत जाण्याच्या काही वाटा तरी बंद होतात.

मुलीच्या जबाबाची तुम्हाला धास्ती वाटत असणार. तिला ठाण्यात नेण्याची सक्ती नाही. पोक्सोच्या कलम २४ आणि २६ प्रमाणे जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता आणि तुमच्यासमोर घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती तिला खटला संपेपर्यंत सोबत करणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. तिनेच छायाचित्रे पाठवली म्हणून तिच्यावर गुन्हा होईल, असे कोणी सांगितले असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा: या कायद्यात ती पीडित बालक आहे, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती इथे विचारातच घेतली जात नाही.

मुख्याध्यापिकांना एवढेच सांगा की अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा पोक्सोच्या कलम २१ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे सौम्य शब्दांत, पण लेखी सांगा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जमा केलेला फोन तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाईल आणि तिथे वेळ लागेल; अहवाल आल्यावर तो सुपूर्दनाम्यावर (न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) परत मागण्याचा अर्ज विशेष न्यायालयात करता येतो. तोपर्यंत मुलीचा शिकवणीचा ग्रुप तिच्या आईच्या फोनवर घ्या.