त्या दोघी आणि मी तिसरी

'ताई, चार महिन्यांपूर्वी मी नव्या घरात राहायला आले. सोबतच्या दोघी कीटकशास्त्रात पीएचडी करतात, एक फळमाश्यांवर आणि दुसरी भुंग्यांवर. मी हिशेबाचं काम करते. त्यांच्याशी मैत्री व्हावी असं मनापासून वाटतं, पण जमत नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना अळ्यांचा विषय निघाला, तेव्हा मी "शी, आत्ता नको" म्हणाले. आता मी येऊन बसले की त्या गप्पच होतात. बोलणं काढावं म्हणून झुरळांवर काय मारू असं विचारलं, तर दोघींचे चेहरे पडले. फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी त्यांचे किडे असतात. माझ्या वाढदिवशी माशीवाली भरल्या ताटावरून उठली, "माश्या काढायच्यात" म्हणाली आणि गेली. मी त्यांना नकोशी आहे का? – तिसरी'

प्रिय तिसरी,

वाढदिवशी कुणी ताटावरून उठून गेलं की लागतंच. पण ती त्या रात्री कुठे गेली हे आधी सांगते.

फळमाश्यांवर काम करणाऱ्यांना ठरावीक नर आणि ठरावीक मादी यांचा संकर घडवायचा असतो. त्यासाठी आधी कुठल्याच नराशी संबंध न आलेली मादी लागते. 25 अंश सेल्सिअसला कोषातून बाहेर आलेली मादी साधारण पहिले 8 तास नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात तिला वेगळं काढावं लागतं. ती वेळ टळली तर काही खरं नाही, कारण एकदा नर भेटला की मादी त्याचं बीज पोटात साठवते आणि पुढे कित्येक दिवस त्यावर अंडी घालत राहते. अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस लागतात, म्हणजे एक संध्याकाळ चुकली की कामच मागे पडतं. तुझी मैत्रीण त्या रात्री माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगवून मायक्रोस्कोपपाशी बसली असणार. नुकत्याच जन्मलेल्या माशीच्या फिकट पोटातून एक काळपट ठिपका दिसतो. तो हुडकत, बारीक कुंचल्याने एकेक मादी बाजूला सारत. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, रविवारीही तेच. तरीही ती तुझ्या वाढदिवसाला येऊन बसली होती, हे विसरू नकोस.

आता त्यांच्या गप्प होण्याबद्दल. 'आत्ता नको' तू म्हणालीस आणि त्यांनी ते ऐकलं. मला यात दुरावा दिसत नाही, तुझ्या शब्दाला दिलेला मान दिसतो. विषय तू बंद केलास, तर तो उघडायचाही तूच. किळस वाटते हे लपवू नकोस. 'अळ्या बघून अजून कसंतरी होतं, पण मला ऐकायचंय' एवढं सरळ म्हण. नाटकी उत्साहापेक्षा हे त्यांना शंभरदा चालेल.

झुरळांचा प्रश्न त्यांना भेटेल तो माणूस विचारतो. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती आहेत आणि माणसाच्या घराशी संबंध येतो तो त्यातल्या तीसेक जातींचा. बाकीची कुठे राहतात, काय खातात, हे विचारून बघ. कोळ्याला चुकून कीटक म्हणालीस तरी काही बिघडत नाही, पाय मोजून दाखवतील. एक प्रश्न मात्र टाळ, प्रबंध कधी संपणार हा. तो त्यांना झोपेतही छळत असतो.

फ्रीझरचं स्पष्ट बोलून टाक. नमुने गोठवावे लागतात. ते टिकतात आणि त्यातून संग्रह पोखरणारी कीड घरात-लॅबमध्ये शिरत नाही. तरी घरच्या फ्रीझरमध्ये झाकणाचा वेगळा डबा आणि वेगळा कप्पा मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. मैत्री हवी म्हणून हे गिळत बसू नकोस.

आणि भुंगेवालीकडे जा. तिला म्हण, एक भुंगा टाचताना मला बघू दे. टाचणी मधोमध जात नाही, उजव्या पंखाच्या कवचातून जाते, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला अख्खी राहते. मग त्याच टाचणीवर इवलीशी चिठ्ठी लागते: जागा, तारीख, कुणी पकडला. ती चिठ्ठी हरवली की जपलेला भुंगा अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेला. हे ऐकून हिशेब लिहिणाऱ्या बाईचे कान टवकारायला हवेत! शेकडो चिठ्ठ्या लिहायच्या, कापायच्या, वहीतल्या नोंदींशी ताडायच्या असतात आणि हे काम एकट्याने करून जीव विटतो. तू नुसती शेजारी बसून आकडे वाचून दाखवलेस तरी दोन तासांत चार महिन्यांचं बोलणं होईल.

कधी त्या दोघी रात्री दिव्यावर किडे जमवायला निघाल्या तर बरोबर जा. अमावास्येच्या आसपास, चांदणं नसताना, पांढरा कपडा ताणतात आणि त्यावर प्रखर दिवा सोडतात. मी एकदा अशीच एका विद्यार्थिनीजवळ बसले होते. कपड्यावर तळहाताएवढा पतंग येऊन टेकला आणि थोड्या वेळाने थरथरू लागला. घाबरलाय गं, सोड त्याला, असं मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, 'घाबरला नाहीये, उडायचे स्नायू तापवतोय.' आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो, आणि तो गेला. त्या मुलीशी माझी ओळख तिथे झाली. त्याआधी वर्षभर नुसतं 'कशी आहेस' चाललं होतं.

वाढदिवसाचं जेवण परत कर, तिघींचंच. फक्त वेळ ठरवण्याआधी माशीवालीला विचार, आज माश्या किती वाजता काढायच्यात?

– ताई