पायलटवरचा ताण ओळखून स्क्रीनवरची माहिती आपोआप कमी-जास्त करणारं कॉम्प्युटर मॉडेल कॉकपिटमध्ये असावं का?

असावं, पण पायलटच्या डोळ्यासमोरची माहिती गुपचूप काढून घेणारं नको. माझी काही वर्षं याच कामात गेलीत म्हणून लिहितेय.

आमच्या सिम्युलेटरमध्ये असं मॉडेल होतं, त्यातलं अर्धं लॉजिक मी लिहिलेलं. कंट्रोल स्टिक किती हलते यावरून ते ताण मोजायचं आणि ताण वाढला की स्क्रीनवरची 'बिनमहत्त्वाची' पानं झाकायचं. चाचणीला एक रिटायर्ड कॅप्टन आले होते. लँडिंगच्या आधी आम्ही डाव्या इंजिनाला आग दिली, वर जोराचा आडवा वारा, त्यामुळे स्टिक सारखी हलत होती. मॉडेलला वाटलं माणूस गडबडलाय. कॅप्टन एकदम शांत होते, त्यांना इंधनगळतीचा संशय होता म्हणून ते डाव्या-उजव्या टाकीचे आकडे ताडून बघत होते आणि नेमकं तेच पान गायब! "आत्ता इथं होतं ते कुठं गेलं?" एवढंच म्हणाले. मग आग सोडून ते पान शोधत बसले.

आमचे सर म्हणाले, त्यांना सवय नाही. मी म्हणाले, वारा आणि घाबरणं यातला फरक आपल्या मॉडेलला कळत नाही, सवय कसली लावताय?

गाळणी लागतेच, हे मान्य. एअरबसमध्ये टेक-ऑफला 80 नॉट्स (ताशी सुमारे 150 किमी) वेगापासून 1500 फूट उंचीपर्यंत बरेच इशारे मुद्दाम दाबून ठेवतात, पण तो नियम ठरलेला असतो, पायलटला आधीपासून पाठ असतो. 2010 मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए380 चं इंजिन फुटलं तेव्हा इतके मेसेज आले की कॉकपिटमध्ये पाच पायलट असूनही ते निपटायला साधारण 50 मिनिटं लागली. तिथं कुठला मेसेज आधी घ्यायचा हे सुचवणारं काहीतरी हवंच होतं. उलट 2009 मध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स 447 या विमानात मोजलेला वेग 60 नॉट्सच्या खाली गेला की कॉम्प्युटर सेन्सरचे आकडे अवैध धरायचा आणि स्टॉलचा इशारा (पंखांची उचल जातेय, नाक खाली करा असं सांगणारा) बंद व्हायचा, नाक खाली केलं की परत वाजायचा. म्हणजे बरोबर केलं की ओरडा, चुकलं की शांतता. 228 माणसं गेली. कारणं इतरही होती, पण इशारा बंद का झाला हे सांगणारं त्यांच्यासमोर काही नव्हतं.

तुम्ही यावर प्रोजेक्ट करत असाल तर क्रम बदला, रंग फिका करा, पण जागा हलवू नका आणि काही लपवलं तर लपवलंय असं लिहा. माझा अनुभव सिम्युलेटरपुरता आहे, खऱ्या विमानात बसवलेल्या सिस्टिमवर मी काम केलेलं नाही. आणि सर, हे वाचत असाल तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग परत एकदा बघा, स्टिककडे नको, कॅप्टनच्या नजरेकडे बघा.