पालेभाजीची पावडर करताना पानं उन्हात वाळवावीत, सावलीत की ड्रायरमध्ये? रंग आणि सत्त्व कशात जास्त टिकतं?

घरी करायची असेल तर ड्रायरमध्ये ५० ते ६० अंश सेल्सिअसला वाळवा. कडक उन्हात पसरू नका. उन्हात उष्णतेच्या जोडीला प्रकाशही असतो आणि बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) व हरितद्रव्य दोन्ही उजेडाने विघटित होतात, म्हणून ती पावडर मळकट दिसते. सावलीत रंग बरा राहतो, पण वाळायला वेळ लागतो. तोवर पानांतली एन्झाइम्स (रंग आणि सत्त्व बिघडवणारी विकरं) काम करत राहतात आणि हवा दमट असेल तर बुरशीही धरते. ही एन्झाइम्स थांबवण्यासाठी पानं वाळवण्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकावीत. यात थोडं क जीवनसत्त्व पाण्यात जातं, पुढे वाळवताना आणखी घटतं. ते हवं असेल तर सरळ ताजी भाजी खा! लोह, कॅल्शियम वाळवण्याने कमी होत नाही.

फ्रीझ-ड्राइंग, म्हणजे पानं गोठवून निर्वातात वाळवणं, सगळ्यांत सरस. त्यात बर्फाची थेट वाफ होते, पान आकसत नाही, पावडर सच्छिद्र राहते आणि पाण्यात पटकन भिजते. मात्र तीच पावडर हवेतली ओलही झटकन ओढते, त्यामुळे हवाबंद, अपारदर्शक डबा नसेल तर त्या खर्चात पडू नका.