चकवा देतात तो आणि लागतो तो

प्रश्न असा आहे : ‘आजोबा सांगायचे, बाजारातून परतताना माळावर चकवा लागला आणि पहाटेपर्यंत फिरत राहिलो. बातम्यांत मात्र चोर पोलिसांना चकवा देतो. शब्द एकच का? चकवा हे भुताचं नाव आहे का? आणि चकवा-चकवी या पक्ष्यांशी त्याचं काही नातं?’

पक्ष्याचं आधी उरकतो. संस्कृत चक्रवाक झिजत झिजत हिंदीत चकवा झाला. मराठीनं तो बराचसा चक्रवाकच ठेवला. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सूर्योदयाबरोबर जिची ताटातूट संपते, ती जोडी चक्रवाकांचीच. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणारं नारिंगी अंगाचं बदक ते हेच. या पक्ष्याचा रात्रीचा विरह आणि माणसाचं रात्रीचं भटकणं यांची गाठ मारायचा मोह होतो. मीही एके काळी मारली होती, पण ती बसत नाही.

माळावरचा चकवा ‘चकवणे’मधून आलेला आहे. चकणे म्हणजे फसणे, चुकणे. त्याचं प्रयोजक रूप चकवणे. ठेवणेपासून ठेवा, झगडणेपासून झगडा, तसा चकवणेपासून चकवा. म्हणजे आजोबांचा आणि चोराचा शब्द एकच. फरक पडतो तो पुढच्या क्रियापदानं, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे.

चकवा ‘देतात’ तेव्हा देणारा समोर असतो. चोर पोलिसांना देतो, फिरकी गोलंदाज फलंदाजाला देतो, हवामानाच्या बातमीत तर पाऊससुद्धा देतो. चकवा ‘लागतो’ तेव्हा मात्र देणारा गायब. ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, वेड लागतं, तसा चकवा लागतो. ‘मला चकवा लागला’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. मी वाट चुकलो म्हटलं की चूक माझी. चकवा लागला म्हटलं की मी बिचारा. पहाटे घरी पोचलेल्या माणसाला दारात काय सांगावं लागत असेल याचा विचार केला, तर हे व्याकरण किती सोयीचं आहे ते कळेल! (भूलचंही असंच. भूल पडते ती कुणाच्या नकळत, आणि भूल देतो तो भूलतज्ज्ञ. तुडवली की वाट विसरायला लावते अशी ख्याती असलेल्या वेलीचं नावही भुलनवेल.)

आता भुताचं. आपल्याकडच्या भुतांना चरित्र असतं. मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. जखीण यक्षिणीपासून आली, पाण्याकाठच्या आसरा अप्सरांपासून, खवीस तर थेट अरबीतून. चकव्याला यातलं काहीच नाही. तो कोण होता, कसा मेला, कुठल्या झाडावर असतो, पाय उलटे की सुलटे, विचारून बघा. उत्तर मिळत नाही, कारण तो माणसाचा भूत झालेला नाही, क्रियापदाचा झालेला आहे. ‘लागला’ म्हटल्यावर कुणीतरी लावला असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि त्या रिकाम्या जागेत हळूहळू भूत येऊन बसतं.

आमच्या गावच्या सड्यावर एक चकव्याची जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला कातळसडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : सपाट जांभा दगड, खुरटं गवत, झाड औषधाला नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. चुलतभावाला घेऊन मी मुद्दाम जुलैमधल्या एका संध्याकाळी गेलो, मोबाइलवर चाललेल्या वाटेची नोंद सुरू ठेवून. नाकासमोर चालायचं, एवढंच ठरलं होतं. थोड्या वेळानं एक ढासळलेला गडगा, म्हणजे दगडांचा बांध, आला, वरच्या चिऱ्यावर गुरं राखणाऱ्या कुणीतरी ठेवलेली फुटकी बाटली. मग पुन्हा एक गडगा आला. त्यावरही बाटली. तिसऱ्यांदा बाटली दिसली तेव्हा भाऊ काही बोलला नाही, फक्त माझ्या बाहीला धरून चालू लागला. घरी येऊन नोंद पाहिली तर सरळ रेघेच्या जागी जिलबी होती.

अशी जिलबी जर्मनीतल्या संशोधकांनीही काढून दाखवली आहे. ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमान आणि सहकारी यांनी जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगितलं. निष्कर्ष २००९ मध्ये आले. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत माणसं बरी चालली. तो झाकला की वळू लागली, आणि आपण सरळच चाललोय अशा समजुतीत स्वतःचीच वाट ओलांडून गेली. डोळे बांधल्यावर तर २० मीटर व्यासाचीसुद्धा वर्तुळं निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हा समज त्यात टिकला नाही. ‘समोर’ कुठे आहे याचा शरीराचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा ढळत जातो, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून उतारे मला आता भाबडे वाटत नाहीत. चकवा लागला तर वहाणा उलटसुलट घाल, सदरा उलटा कर, तंबाखू मळ, नाहीतर आहेस तिथे उजाडेपर्यंत बस. या सगळ्यांत पाय थांबतात.

कोकण-गोव्यात उलटा प्रकारही आहे. राखणदार किंवा देवचार हा हद्दीचा रक्षक चुकलेल्याला काठीच्या आवाजानं घरापर्यंत पोचवतो म्हणतात. पण तो कुणाला ‘लागत’ नाही. तो भेटतो, सोबत करतो, आणि त्याला नारळ-विडी द्यावी लागते. चकव्याला कुणी नारळ दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

जाता जाता : चोर पोलिसांना ‘चकमा’ही देतो, पण चकमा कुणाला लागत नाही. आजोबांचं वाक्य सांगताना तेवढं सांभाळा.